दुसऱ्याच्या नावाचं ताट

अर्ध्या भाड्यात खोली मिळाली म्हणून नाचताय होय? नाचा. पण ते दार लोट आधी, रेन. गार वारा येतोय. ओसाकाला निघालाच आहात, तर आमच्या इसामूचं काय झालं ते ऐकून जा. माझ्या मेहुण्याचा मुलगा. खोटं वाटलं तर उद्या धक्क्यावर जाऊन त्यालाच विचारा, जाळी शिवत बसलेला असेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची दोन तारीख, शनिवार. इसामू रात्रीच्या बसने इथून निघाला आणि सकाळी ओसाकात उतरला. तीन दिवसांत किल्ला, मनोरा, मत्स्यालय सगळं बघायचं आणि पैसे वाचवायचे ते जेवणातून, असा सगळा हिशेब. निघताना आई म्हणाली, "तुझ्या नावाचं ताट मांडते हं." आपल्याकडे मांडतातच की. घरचं माणूस परगावी गेलं की रोज संध्याकाळी त्याच्या जागेवर गरम भात, वर झाकण. थोड्या वेळाने झाकण उचलायचं. आतून थेंब धरलेले असले, की माणूस सुखरूप. पण आमचा इसामू पडला शहाणा! "तीन दिवसांसाठी कसलं ताट? नको ती थेरं," म्हणाला.

सुट्टीमुळे सगळीकडे गर्दी. हिंडून हिंडून शेवटी तेन्नोजी स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक जुनाट लॉज सापडलं. मालकीण तात्सुएबाई, सत्तरीच्या पुढची. तिने त्याला खालून वर न्याहाळलं.

"वरची एक आहे, तीन चटया मावतील एवढी. अर्ध्या भाड्यात देते. पण संध्याकाळी सात ते आठ खोलीत थांबायचं नाही."

"का हो आजी?"

"फिरायला आलायस ना? मग फीर की!"

दिवसभर पोरगा तंगडतोड करत फिरला. किल्ला बाहेरूनच बघितला, आत तिकीट होतं. दुपारी एक भाताचा गोळा खाल्ला, बस. साडेसहापर्यंत टाचांना फोड आले. लॉजवर परतला तेव्हा बाई जागेवर नव्हती. हा गुपचूप वर गेला आणि चटईवर आडवा झाला.

बरोबर सातला वास आला. वाफाळत्या भाताचा, अळकुड्यांच्या रश्श्याचा. त्याला वाटलं, शेजारी कुणी रांधतंय. पण वास घेता घेता भूकच गेली. पोट तुडुंब. ढेकरसुद्धा आला! फुकटात जेवण झालं म्हणून स्वारी अंधारात एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सातला खोलीत हजर. पुन्हा तसंच. या वेळी भाजलेला बांगडाही होता. भरल्या पोटी त्याने आईला फोन लावला.

"आई, नको म्हणालो तरी ताट मांडलंसच ना? इथवर पोचलं बघ!"

"मी? नाही रे. तू नको म्हणालास, मग नाही मांडलं."

"पण मी तर जेवलो!"

"इसामू... मग तू जेवलास कुणाचं?"

फोन हातातच राहिला. खोलीत पोट गुरगुरलं.

त्याचं नव्हतं.

दिव्याची दोरी ओढली. समोरचा कोपरा. रिकामा. पण चटई दबलेली... दोन गुडघ्यांएवढी. जेवायला नीट गुडघे मोडून बसावं, तशी.

पुन्हा गुरगुरलं. जवळून.

इसामू जिना कसा उतरला ते त्यालाच माहीत. रस्त्यावर बराच वेळ घुटमळत राहिला. बॅग गेली खड्ड्यात, पळावं असंच वाटत होतं. पण पोट भरलेलं होतं ना! दोन दिवस आपण दुसऱ्याच्या तोंडचा घास खाल्ला आणि तो तिथे उपाशी बसलाय. या गोष्टीची त्याला भयंकर लाज वाटली. भीती होतीच, पण लाज जास्त होती.

दुकानं बंद व्हायला आली होती. मत्स्यालयासाठी राखलेल्या पैशांतून त्याने जेवणाचा एक डबा घेतला. शेवटचा उरलेला, गारठलेला. पावणेदहाला वर आला. डबा कोपऱ्यात ठेवला. झाकण लावलेलंच.

आता जेवायच्या काड्या.

भातात उभ्या खोचल्या की जेवण मेलेल्याचं. आडव्या ठेवल्या की जित्याचं. मग त्याच्या मनात आलं, रोज गरम भात येतोय म्हणजे कुणीतरी अजून वाट बघतंय.

झाकणावर आडव्या ठेवल्या.

"चुकलो," म्हणाला. "माहीत नव्हतं मला."

पुन्हा काही गुरगुरलं नाही.

रात्र त्याने खाली, चपलांच्या फळीपाशी बसून काढली.

सकाळी सहाला लॉजचा फोन वाजला. तात्सुएबाईने उचलला. पलीकडून कुणी म्हातारी बोलत होती. ऐकू कमी येत असावं, कारण इतकं मोठ्याने बोलत होती की इसामूला शब्द न् शब्द ऐकू आला.

"माझा फुमिहिको बरा आहे ना हो? परवा झाकण कोरडं निघालं. काल सातलाही कोरडं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं हो! जीव राहीना. रात्री दहाला पुन्हा उचलून बघितलं, तेव्हा कुठे थेंब दिसले."

तात्सुएबाईने इसामूकडे बघितलं. चपलांपाशी रात्र काढलेला पोरगा बघून ती काय ते समजली.

"बरा आहे," ती फोनवर म्हणाली. "दोन दिवस जेवणाची आबाळ झाली त्याची. काल रात्री जेवला."

फोन ठेवला, तरी तिचा हात त्यावरच होता. "एकोणीस वर्षांपूर्वी 'आलोच' म्हणून त्या खोलीतून बाहेर पडला. आलाच नाही. पहिल्यांदा तिचा फोन आला तेव्हा मी 'कामावर गेलाय' म्हणाले. पुढे खरं सांगायला तोंडच उघडेना. तिला पत्ता हाच माहीत. ताट इथेच येतं. म्हणून तर तुला सांगितलं होतं ना रे, सातला थांबू नकोस!"

इसामू मान खाली घालून बॅग आणायला वर गेला.

चटई सपाट होती. काड्या ठेवल्या तशाच, आडव्या. त्याने त्या उचलून बाजूला ठेवल्या, झाकण काढलं. भातातलं एक शीतसुद्धा हललेलं नव्हतं. बोट लावून बघितलं. गार, बर्फासारखा गार.

आणि झाकण आतून थेंबांनी भरलेलं.