नव्या टाकीतलं कोरं पाणी

"आणखी एक गेला!"

भोंग्याने हे हळूच सांगितलं होतं. पण त्याचं हळू बोलणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं ओरडणं! व्यायामकक्षातली सगळी डोकी वळली.

मुंगी धावत काचेच्या टाकीपाशी गेली. कालपर्यंत शेपटी उडवत फिरणारा ठिपकेवाला मासा पाण्यावर आडवा तरंगत होता. बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. सगळ्यांत मोठा, जाडजूड सोनेरी मासा एका कोपऱ्यात पंख आवळून बसला होता. त्याला इथे सगळे आजोबा म्हणत.

मुंगीने मागे वळून पाहिलं. तिचा धाकटा भाऊ वाटाणा चाकाच्या खुर्चीत खाली मान घालून बसला होता. अपघातानंतर त्याच्या पायांनी दगा दिला होता. सुट्टी लागल्यापासून मुंगी, तिचा मावसभाऊ लांब्या आणि शेजारचा भोंगा रोज त्याला या व्यायामोपचार केंद्रात घेऊन येत. व्यायामाच्या ताई त्याला दोन दांड्यांच्या मध्ये उभं करत आणि म्हणत, "चल, आजोबांना भेटून ये!" की हा घामाघूम होत, ओठ चावत, पाऊल टाकायचा.

आणि आता त्याच्यावरच आळ आला होता!

"तुझी गोळी टाकलीस ना रे पाण्यात?" केंद्राचे मॅनेजर साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले. "औषध कडू लागतं म्हणून तू कुरकुरत होतास, मी ऐकलंय!"

"मी नाही टाकली," वाटाणा पुटपुटला.

"मग एवढ्या महागाच्या टाकीत मासे मरतात कसे? गेल्या आठवड्यापर्यंत जुन्या, डबक्याएवढ्या टाकीत तर ठणठणीत होते! ते काही नाही. उद्या टाकी साबणाने घासून काढतो आणि नवे मासे आणतो. परवा पाहुणे यायचेत."

"आणि हे मासे?" मुंगीने विचारलं.

साहेबांनी नुसते हात झटकले आणि ते निघून गेले.

वाटाण्याने त्या दिवशी दांड्यांना हातही लावला नाही. ताईंनी परोपरीने समजावलं, पण तो हलेना. घरी जायला निघताना त्याने बहिणीची बाही ओढली. "ताई, तुला तरी खरं वाटतं ना?"

मुंगीने त्याचा हात धरला. "वाटतं म्हणजे? मी शोधूनच काढते!"

वाटाण्याला घरी आईपाशी सोडून तिघं बाजाराच्या टोकाला माशांच्या दुकानात गेली. लांब्याने येताना पाण्याची रिकामी बाटली टाकीत बुडवून भरून घेतली होती.

दुकानवाल्या मावशींनी ते पाणी छोट्या नळीत ओतलं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले आणि नळी हलवली. पाणी पिवळं झालं, मग पोपटी, मग गर्द हिरवं.

"अगं बाई!" मावशींचा चेहरा उतरला. "पिवळंच राहायला हवं होतं. हे पाणी नव्हे, विष आहे."

"कुणी टाकलं?" भोंगा गरजला.

"कुणीच नाही. माशांनीच. मासे जिथे राहतात तिथेच त्यांची शी-शू होते ना? त्यातून हे विष तयार होतं. जुन्या टाकीत ते खाऊन टाकणारे बारीक जीव असतात. डोळ्यांना न दिसणारे. फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांत त्यांची वस्ती असते. नवी टाकी कितीही मोठी असली तरी आत कोरी! ती वस्ती बसायला आठवडेच्या आठवडे लागतात. तुमच्या साहेबांना एवढी घाई कसली होती?"

"मग आता?" मुंगीने विचारलं.

"जुना स्पंज नव्या टाकीत घातला तर वाचतील. पण तो ओला आणि जिवंत हवा. वाळला असेल, नळाखाली चोळून धुतला असेल, तर खेळ संपला."

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. जुनी टाकी तर कधीच हलवली होती!

तरी ताईंना सांगावं म्हणून तिघं परत आली. केंद्राच्या बोळात, कोठीच्या खोलीपाशी मुंगी बाकावर मटकन बसली. आणि लगेच ताठ झाली. पाठीमागची भिंत थरथरत होती! तिने कान लावला. घुर्रर्र… आणि मधूनच बुडबुड.

"लांब्या! इथे ये. हे ऐक!"

लांब्याने ऐकलं. त्याचे डोळे मोठे झाले. पण दाराला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

"मागितली तर देतील?" भोंगा म्हणाला.

"मुळीच नाही. पण खरं ते सांगितलं तर स्वतः पळत येतील," मुंगी म्हणाली. ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, कोठीत वीज चालू राहिलीये बहुतेक. आतून घुरघुर ऐकू येतेय!"

"काय? अरे देवा! आगबिग लागली म्हणजे?" साहेब किल्ल्या खुळखुळवत धावले. आवाज ऐकून ताईही आल्या.

दार उघडलं. मोडक्या खुर्च्यांच्या आड जुनी टाकी जमिनीवर होती. तळाशी खडे, वर अर्धवट पाणी, आणि कुणी बंद करायला विसरलेला फिल्टर बिचारा इमानाने चालतच होता!

"हात्तिच्या, हा होय!" साहेबांनी बटणाकडे हात नेला.

"थांबा!" मुंगी इतक्या जोरात ओरडली की भोंगाही दचकला. "आधी हे बघा. मग हवं तर बंद करा."

मावशींनी दिलेली थेंबांची बाटली आणि दोन नळ्या तिने काढल्या.  एका नळीत लांब्याच्या बाटलीतलं नव्या टाकीचं पाणी, दुसरीत जुन्या टाकीचं. पहिली गर्द हिरवी झाली. दुसरी पिवळी ती पिवळीच राहिली.

"गोळी नाही, साहेब. तुम्ही मासे हलवलेत, पण त्यांचं पाणी साफ ठेवणारे इथेच राहिले," ती म्हणाली.

साहेब बटणापासून दूर झाले. ताई बाह्या सरसावत पुढे आल्या. "बोल मुंगी, काय करायचं?"

मग एकच धांदल उडाली! स्पंज पाण्यातून काढून तसाच निथळता नव्या फिल्टरमध्ये बसवला. खडे भरायला जाळी मिळेना, तेव्हा ताईंनी बटाट्यांची जाळीदार पिशवी आणून दिली आणि खड्यांची ती पिशवी नव्या टाकीत सोडली. टाकीतलं थोडं पाणी उपसलं आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं मावशींचं औषध घालून ताजं पाणी भरलं. माशांचं खाणं पूर्ण बंद.

तरी दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला. मुंगीने तो बागेत पुरला आणि कुणाला दिसू नये असे डोळे पुसले. पण नळीतला रंग रोज थोडा फिका होत गेला. हिरवा, पोपटी, पिवळसर… आणि एके सकाळी आजोबांनी पंख पसरले.

दुकानवाल्या मावशी मुद्दाम बघायला आल्या. "मोठमोठ्यांना एवढा धीर नसतो गं पोरांनो!" असं म्हणत त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

साहेब वाटाण्याच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळा, चूक माझी होती आणि बोल तुला लावला. मला माफ कर."

वाटाण्याने मान डोलावली. 

साहेब उठले. खाकरून मुंगीला म्हणाले, "पाहुण्यांना मी पुढच्या महिन्यात या म्हणून कळवलंय. आता आणखी काय करू, सांग."

"आता काहीच करायचं नाही, साहेब," मुंगी म्हणाली. "ती वस्ती नीट बसेपर्यंत नुसती वाट बघायची."

साहेबांनी क्षणभर घड्याळाकडे पाहिलं. मग एक खुर्ची ओढून ते टाकीपुढे बसले.