मडक्यांनी ओढलेली री

इमारत उभी राहण्याआधी जमिनीच्या पोटात काय दडलंय ते पाहणं हे माझं काम. बहुतेक वेळा फुटकी कौलं निघतात, गंजलेले नळ निघतात, आणि मी ‘हरकत नाही’ असं लिहून मोकळा होतो. बसडेपो आणि फर्निचरचं दुकान यांच्यामधल्या त्या प्लॉटवरही तेच होणार असं मी धरून चाललो होतो. बिल्डर मोठा हसरा माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, सोनं निघालं तर माझं, देव निघाला तर तुमचा!"

निघालेली खापरं धुवायला माझी अक्का यायची. एके काळी ती देवाच्या कथा गाऊन सांगायची. हसवता हसवता अशी रडवायची की लोक डोळे पुसायचं विसरून पुढच्या ओळीची वाट पाहत. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. आता आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. अक्का देवाशी भांडली नाही. पण गात गात भांडी घासणारी बाई मुकाट्यानं घासायला लागली, आणि ते मुकेपण मला ऐकवत नसे.

चर खणताना पुरुषभर खोलीवर चुन्याची घोटीव जमीन लागली. तिच्यात अर्धवर्तुळात पुरलेली मडकी होती, तोंडावर दगडी झाकणं, आत रिकामी. झाकणं काढली आणि मुकादम चरात उतरून खोकला. खोकला परत आला, जरा गोलाई घेऊन.

"साहेब, खड्डा माझी चेष्टा करतोय!"

मी समजावलं. रिकामं भांडं घुमतंच. गाणाऱ्याचा आवाज भरावा म्हणून जुन्या लोकांनी ती मुद्दाम बसवली असतील. गाणाऱ्याची मागचे लोक री ओढतात ना, तशी ही मडकी. सगळ्यांना ते फार आवडलं. जेवणाच्या सुट्टीत जो तो खाली उतरायला लागला. एकानं शीळ घातली. एकीनं नवऱ्याला शिव्या हासडल्या, त्या इतक्या गोड होऊन परतल्या की तिलाच त्याची कीव आली.

दुसऱ्या दिवशी जेसीबीवाल्यानं अंगाई धरली आणि मध्येच अडला.

"आईची हो ही. पुढचं आठवत नाही."

पुढची ओळ मडक्यांनी म्हटली.

कोणी हसलं नाही. मग तोच हसला, बाहीनं डोळे पुसत, आणि डबा बाजूला ठेवून सगळी अंगाई पुन्हा शिकला. मी एका मडक्यात हात घालून पाहिलं. आत काहीच नव्हतं. भिंत मात्र दमट होती, आणि कोमट.

"अक्का, आमच्या खोकल्याचं गाणं झालं," मुकादम म्हणाला. "तुम्ही उतरून तर बघा!"

ती नको नको म्हणत उतरली. माझ्याकडे पाहून कुजबुजली, "बाळ्या..."

"बाळ्या!" चर म्हणाला. खणखणीत, अक्काच्याच आवाजात. त्या नावानं तो आवाज मला पुन्हा हाक मारेल असं वाटलं नव्हतं.

पुढे रोज दुपारी कथा रंगू लागली. अक्का कुजबुजायची, मडकी गायची. डेपोतले कंडक्टर भिंतीवर चढून बसायचे आणि बसगाड्या उशिरा सुटायच्या. बिल्डर कामाचा खोळंबा पाहून ओरडायला आला तो सिमेंटच्या गोणीवर टेकला, आणि जाताना म्हणाला, "खांब सरकवतो. मडक्यांना धक्का लागता कामा नये."

पण चर बुजवणं भाग होतं. उघडी राहिली तर मडकी तडकली असती. त्यांच्यावर मऊ वाळू भरायची आणि वर फरशी, एवढाच मार्ग.

"म्हणजे मी पुन्हा मुकी?" चरातून भरदार आवाजात प्रश्न आला.

मी होकारार्थी मान हलवली.

अक्कानं एका मडक्याच्या काठावरून हात फिरवला. "भरा वाळू," ती म्हणाली. "त्यांना तडा नको. इतके दिवस गायले, हे काय कमी दिलं देवानं?"

शेवटच्या दुपारी ती चरात उभी राहिली. सगळे काठावर दाटीनं उभे होते.

तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

गाणं सुरू झालं.

ती चपापली. मग हात जोडून त्यात शिरली.

वाळू पडू लागली. एकेक मडकं झाकलं गेलं. आवाज दबला नाही.

अक्का शिडी चढली. आवाज तिच्याबरोबर वर आला.

मग काय विचारता! मुकादम गमबुटांसकट नाचला. बिल्डरनं अख्ख्या डेपोला मिठाई वाटली. अहवालात मी ‘घुमणारी मडकी, जागेवरच जतन’ एवढंच लिहिलं. त्याहून जास्त मला ठाऊकही नव्हतं.

आता घर कसं भरल्यासारखं वाटतं. आज सकाळी चहा मागायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून अक्काचा सूर येत होता, वरच्या पट्टीत, निवांत. मी दारातच थांबलो. ती खिडकीशी उभी राहून पाणी पीत होती. एकेक घोट, सावकाश. कडवं चालूच होतं. तिनं पेला ठेवला, पदरानं ओठ टिपले, मला पाहून हसली, आणि त्या गाण्यात आपली कुजबुज मिसळली.