हॉलातली चूल

प्रत्येक घराला एक हृदय असतं, आणि ते अग्नीपाशी धडधडत असतं. हे वाक्य मी एका गुळगुळीत परदेशी मासिकात वाचलं, आणि वाचून झाल्यावर त्याच मासिकानं वारा घेत बसले, कारण तंजावरात वीज गेली होती.

तो काळच तसा होता. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि आत काय काय येत होतं. रंगीत फ्रीज, परदेशी वाहिन्या, सात चवींचे बटाट्याचे काप. थंडी आयात करायचा परवाना तेवढा अजून कोणाला मिळाला नव्हता. अशा दिवसांत माझ्याकडे दिवाणखान्यातल्या शेकोटीचं काम आलं. आणि ते आलं दातदुखीमुळे.

मी त्रिचीहून वास्तुकलेची पदवी घेऊन आले होते आणि दक्षिण वीथीवर, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, माझी कचेरी होती. कामं म्हणजे पोर्टिको, पाण्याची टाकी आणि ज्यांना अजून गाडी मिळालेली नाही त्यांचे गाडीखाने. शेजारच्या दारात डॉक्टर वैद्यनाथ दात काढत, आणि त्यांच्या नावाची फळी वाऱ्यानं माझ्या दाराकडे वळलेली असे. ऐप्पसीचा पाऊस चालू होता. म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, जो आमच्याकडे सरकारी नोकरीत कायम झाल्यासारखा पडतो. वेळेवर येतो आणि हलत नाही.

त्या पावसातून एक तरुण आत आला. ओला शर्ट, गालावर रुमाल, डोळ्यांत पाणी – पावसाचं की आणखी कसलं, कळेना. खुर्चीत बसला आणि डोळे मिटून घेतले. मी तमिळमध्ये विचारलं, जुनं आहे त्याची डागडुजी करायची, की पाडूनच टाकायचं?

"काढूनच टाका," तो रुमालातून म्हणाला. "मुळापासून हलतंय."

मी कागद पुढे ओढला आणि किती जुनं आहे ते विचारलं. तो म्हणाला, माझ्याच वयाचं. मग एक कळ आली असावी, कारण तो पुटपुटला, "आई गे…"

तंजावरचा मराठी माणूस बाजाराशी तमिळ बोलतो आणि बँकेशी इंग्रजी. मराठी तो देव, आई आणि दातदुखी यांच्यासाठी राखून ठेवतो.

"तुम्ही आमच्यातले कां?" मी विचारलं.

त्यानं एक डोळा उघडला. "दुखतं तेव्हां आहे."

मी त्याला शेजारचं दार दाखवलं. वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं तो परत आला, अर्ध्या तोंडानं हसत. अर्धं तोंडही पुरेसं होतं, हे मी तेव्हा मान्य केलं नाही. त्याला काहीतरी विचारायचं होतं. ओठ बधिर असताना 'फायरप्लेस' हा शब्द उच्चारता येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. शेवटी त्यानं चित्र काढून दाखवलं.

"हे तुम्हांला काढतां येईल कां?"

"काढतां येईल," मी म्हणाले. "पण तुमचं नक्की तोंडच बधिर आहे ना?"

त्याचं नाव गिरीश. वडील वेंकटराव, निवृत्त मुख्याध्यापक. मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला नवीन घर बांधत होते. गिरीश इंग्लंडात लीड्सला संगणकाची नोकरी करत होता आणि घरासाठी रजा काढून आला होता. शेकोटी पुरी झाली की वास्तुशांत, आणि वास्तुशांत झाली की विमान.

ही शेवटची माहिती त्यानं पहिल्याच दिवशी दिली. मी ती आराखड्यात धरली नाही.

शेकोटी कशाला, हे त्यानं फार दिवसांनी सांगितलं. त्याआधी आम्ही बरेच आराखडे नापास केले. पहिल्याला मी मराठा दरबारासारखी कमान दिली. तो म्हणाला, हिच्यापुढे बसायला पगडी लागेल. दुसरा त्याला रॉकेलच्या स्टोव्हसारखा वाटला. त्यातलं गच्चीवरचं धुराडं पाहून वेंकटराव म्हणाले, गावकरी भातगिरणी समजून पोती घेऊन भरडायला येतील. तिसऱ्याला मी उतरता माथा दिला.

"हा देवळाचा कळस वाटतोय," गिरीश म्हणाला.

"मग नमस्कार करा."

"कुणाला?"

मी पट्टी शोधू लागले. पट्टी माझ्या हातातच होती.

तो येताना केळीच्या पानात बांधलेला मोगरा आणायचा आणि माझ्या टेबलावर विसरून जायचा. एखाद्याची विसरायची सवय इतकी नियमित असू शकते, याचं मला नवल वाटे. मी पुढच्या आराखड्यात मुद्दाम एखादी खोट ठेवी. तो ती अचूक शोधी. मग आणखी एक आराखडा… आणखी एक फेरी… आणि विमान थोडं पुढे.

एकदा कॉफी पिताना त्यानं सांगितलं. आई होती तोवर घरातलं सगळं बोलणं चुलीपाशी व्हायचं. ती भाकरी थापायची किंवा सांबार ढवळायची, आणि अप्पा आणि तो पाटावर बसून जाळाकडे बघत बोलायचे. एकमेकांकडे बघायला लागत नसे, म्हणून बोलता येई. मग गॅस आला, आणि मग आई गेली. आता बाप-लेक हॉलमध्ये समोरासमोर खुर्च्यांवर बसतात आणि जेवण झालं का एवढंच विचारतात. लीड्सला त्याची घरमालकीण रोज संध्याकाळी शेकोटी पेटवी. त्या परक्या बाईपाशी तो आईबद्दल जितकं बोलला, तितकं अप्पांपाशी कधी बोलला नव्हता.

"जाळ नसला तरी चालेल," तो म्हणाला. "दोघांना एकाच दिशेला बघायला कांहीतरी हवें."

त्यानंतर मी आराखड्यात खोट ठेवणं सोडून दिलं. म्हणजे, ठरवलं तरी.

आता वसुमतीआत्या. या वेंकटरावांच्या थोरल्या बहीण, राहायला तिरुवैयारूला. एके दिवशी त्या बांधकाम बघायला आल्या तेव्हा तिथे मी एकटीच होते. भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हें काय गे?"

आमच्या मराठीला तीन शतकं तंजावरात झाली आहेत. या काळात तिला शेकोटीची एकदाही गरज पडलेली नाही. मी शब्द शोधला, सापडला नाही, आणि जवळचा होता तो दिला.

"चूल," मी म्हणाले. "गिरीशची. हॉलात वेगळी."

आत्यांनी भोकात एकदा वाकून पाहिलं. छत्री उघडून निघून गेल्या.

आठवड्याभरात माझ्या आईनं, सरोजानं, जेवायला वाढताना मला बातमी दिली. वेंकटरावांचा मुलगा बापापासून वेगळा निघतोय. वेगळी चूल मांडतोय, त्याच घरात, हॉलमध्ये, लोकांना दिसेल अशी. तिकडे त्यानं गोरी बायको केलीय. तिला आपलं तिखट चालत नाही. तिचं नाव मार्गारेट आहे.

अफवा मीच जन्माला घातली होती, पण ती इतकी नटूनथटून घरी परत आली की मी तिला ओळखलं नाही. आणि नावच सांगितल्यावर कोण शंका घेणार?

मी त्या रात्रीच शेवटचा आराखडा केला. एकही खोट नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिला. त्यानं उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला.

"ह्यांत कांहीच चुकलं नाही," तो म्हणाला. आवाजात जरा तक्रार होती.

"नाही. दोघांची सोय नीट व्हायला हवी."

"होय," तो म्हणाला. "दोघांसाठीच तर आहे."

तो बापाबद्दल बोलत होता. मी मार्गारेटबद्दल. त्या दिवशी तो मोगरा टेबलावर विसरला, आणि मी तो खाली भांडीवाल्याच्या गणपतीला देऊन टाकला.

तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, वास्तुशांत ठरली. मी जाणार नव्हते, पण वास्तुकार न गेल्यास घरात काहीतरी चुकलंय असा अर्थ होतो, म्हणून गेले. पाऊस संपला होता, दारात केळीचे खांब होते, आणि हॉलमध्ये तंजावरातले सगळे मराठी लोक भिंतीतल्या भोकाकडे पाठ करून बसले होते. होम झाला. आता उरलं दूध. नव्या घरात घरच्या बाईनं चुलीवर दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. मगच घर घर होतं.

पितळी पातेलं हातात घेऊन आत्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"गिरीशा, दूध कुठल्या चुलीवर ठेवूं?"

गिरीशला काही कळलं नाही. वेंकटराव मान खाली घालून बसले होते. त्यांनीही ऐकलं होतं आणि मुलाला विचारलं नव्हतं. एकमेकांना काही विचारायची त्यांची सवयच गेली होती.

"जिच्यासाठी ही चूल मांडलीस, तिला बोलाव," आत्या म्हणाल्या. "ठेवूं दे तिलाच. आम्ही बघतों तरी."

मला दार गाठायचं होतं, पण मधे सगळी चपला-जोड्यांची रांग होती आणि माझी चप्पल दिसेना. गिरीश शेकोटीकडे पाहत राहिला. मग आत्याकडे. मग – वळून – माझ्याकडे.

"अप्पांसाठी आणि माझ्यासाठी काढायला घेतली होती," तो म्हणाला. "आईच्या चुलीसारखी. पण आत्या… मधेंच कधीतरी ती हिच्यासाठी झाली. तुला कुणी सांगितलं?"

आत्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनेंच."

मी मार्गारेट कुठे आहे असं विचारलं. गिरीशनं विचारलं, कोण मार्गारेट? सगळ्या हॉलनं माझ्या आईकडे पाहिलं, आणि आई कापूर शोधू लागली.

त्यानं आत्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. दूध कडांना लागत होतं.

"रंजना, तुम्ही दूध ठेवतां कां?"

"उतू गेलं तर?"

"जाऊं दे की. त्यासाठींच ठेवतात."

मी पातेलं घेतलं.

शेकोटीत विटा मांडल्या, आंब्याची लाकडं घातली, कापूर लावला. गिरीश दोन हिवाळे शेकोटीपुढे बसला होता, पण ती पेटवायची घरमालकीण. धुराड्यात एक लोखंडी झडप असते आणि ती आधी उघडायची असते, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि मला त्या क्षणी माझं स्वतःचं नावही आठवत नव्हतं. सगळा धूर हॉलमध्ये आला. पाहुणे रडू लागले. आत्या रडल्या, आई रडली, पुरोहित मंत्र म्हणता म्हणता रडले. वेंकटराव मुलाचा खांदा धरून रडत होते, आणि गिरीश त्यांना काहीतरी सांगत होता, पुष्कळ वेळ, दोघं जाळाकडे बघत. कोण कशामुळे रडतंय हे सांगता येईना, त्यामुळे मीही रडून घेतलं.

दूध उतू गेलं. पूर्वेच्या बाजूनं गेलं, म्हणजे शुभ.

"धूर करते म्हणजे चूलच आहे," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. स्वतःचं खरं झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर अजूनही दिसतं.

गिरीश लीड्सला परत गेला तो सामान आणायला. तोवर तंजावरात गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले होते. त्यानंही एक काढला. देवापुढे बसले की मी आभार मानते, आणि त्यात गणपतीनंतर लगेच डॉक्टर वैद्यनाथांच्या फळीचा नंबर लागतो. त्या दाढेचेही मानते, जी वेळेवर किडली. आमच्या भाषेचेही, की तिच्याजवळ नेमका तेवढा एक शब्द नव्हता.

सासरे आणि नवरा रोज संध्याकाळी शेकोटीसमोर खुर्च्या ओढून बसतात आणि तिच्याकडे बघत बोलतात. मी आतून ऐकते. कधी गेलेल्या सासूबाईंचं बोलणं निघतं, कधी नुसतं पावसाचं. मला तिसरी खुर्ची ठेवलेली असते.

त्या दिवसानंतर शेकोटी पुन्हा पेटवलेली नाही. आत जास्तीचा गॅस सिलिंडर ठेवतो. उंचीला बरोबर बसतो.