सतराव्या कबरीतला वाडगा

विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते.

त्या एका खोट्याचीच ही गोष्ट.

शुक्रवार. दुपारचे सव्वातीन. संग्रहालयाचं तळघर.

मामांच्या निवृत्तीला दोन दिवस उरले होते. चाळीस वर्षं माणूस जुनी माती उकरत राहिला. लग्न केलं नाही. "जिवंत माणसांशी आपलं जमत नाही बुवा," असं हसत म्हणायचे. पण आमच्याकडे आले की परत जाताना त्यांचा पाय निघत नसे.

आणि श्रद्धा तर विचारूच नका. हात जोडल्याशिवाय कुठल्या कबरीला ब्रश लावायचे नाहीत. "हे कुणीतरी प्रार्थना करून ठेवलंय," ते सांगायचे. "कुठे ठेवलं, कसं ठेवलं, त्यातच ती प्रार्थना आहे. कागदावर काढायच्या आधी हलवलं की गेली."

कामगार चेष्टेने त्यांना 'महाराज' म्हणत.

हा नियम महाराजांनी एकदाच मोडला. तीस वर्षांपूर्वी, सतराव्या कबरीत. आभाळ कोसळायच्या बेतात होतं. सांगाड्याजवळचा मातीचा वाडगा त्यांनी घाईघाईत उचलला आणि रेखाटन नंतर तंबूत बसून केलं, आठवणीने. उजव्या हाताशी, तोंड वर.

खात्री नव्हती. पण कुणाला बोलले नाहीत.

त्या शुक्रवारी ते नव्या बाईंना, म्हणजे त्यांच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यांना, एकेक वस्तू ताब्यात देत होते. सतरावी कबर आली. सांगाडा काचेच्या पेटीत, स्क्रू आवळलेले. वाडगा समोरच्या कपाटात, खोक्यात घालून, कुलपात. बाईंना फोन आला म्हणून त्या वर गेल्या.

मामा एकटे.

तेवढ्यात... लाकडावर माती घासल्यासारखा आवाज.

थांबला.

पुन्हा आला...

मामांनी कुलूप काढलं. खोकं जागेवर होतं. आत कापूस, आणि कापसात वाडग्याएवढा खोलगट ठसा.

वाडगा नव्हता.

ते वळले... काचेच्या पेटीत, सांगाड्याच्या डाव्या हाताशी, वाडगा होता.

पालथा.

"अहो, हा आत कधी ठेवलात?" बाई जिन्यावरूनच म्हणाल्या. "आणि रेखाटनात तर उजवीकडे आहे."

एक शब्द बोललं की चाळीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं.

"रेखाटन खोटं आहे," मामा म्हणाले. "मीच केलंय."

नोंदवही पुढे ओढून त्यांनी सगळं लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी घरी आले. दाराला सकाळचंच कुलूप. सकाळचा उष्टा कप ते नेहमीसारखा सिंकमध्ये टाकून गेले होते.

सिंक रिकामं होतं.

कप पलंगावर होता... उशीच्या डाव्या बाजूला. धुतलेला. पालथा.

त्यांनी मला फोन केला. आवाज रडवेला होता. मला वाटलं, घाबरलेत.

"अरे," ते म्हणाले, "माझ्या उशाशी आजवर कुणी काही ठेवलं नव्हतं रे."

तो कप त्यांनी तिथून हलवला नाही. कुणाला हलवू दिला नाही.

गेल्या रविवारी त्यांना ताप होता म्हणून मी गेलो. चादर बदलताना सवयीने कप उचलला आणि विसळलासुद्धा. खुर्चीतून मामांचा आवाज आला, अगदी हळू.

"कागदावर काढलास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"बरं, होता तसा ठेव."

डावीकडे, पालथा, एवढं आठवत होतं. पण कपाचा कान भिंतीकडे होता की दाराकडे... काही केल्या आठवेना. मी अंदाजाने ठेवला.

"असाच होता ना?"

"हो मामा. अस्साच."

आज सुट्टी आहे. आमच्या घरात मी एकटाच आहे. आणि सकाळपासून, थांबून थांबून, स्वयंपाकघरात काहीतरी घासल्याचा आवाज येतोय...