मक्यातला लाल पट्टा

आठवड्याला मला चौदा शेतं पाहायची असतात. उडतो तो ड्रोन, पण दिवसभर वर बघून बघून घिरट्या मीच घालतेय असं वाटायला लागतं. सोमवारच्या शेतांत आत्याचा मका मी मुद्दाम शेवटी ठेवायचे. तिथं काम आटपलं की तिच्या घराच्या पायरीवर पाय पसरून बसता यायचं. काका गेल्यापासून ते शेत ती एकटीच बघत होती आणि माझ्यापेक्षा जास्त दमलेली असायची.

एका सोमवारी पट्टा दिसला.

आमचा कॅमेरा पानाचं दुखणं डोळ्यांना दिसायच्या आठ-दहा दिवस आधी टिपतो. निरोगी पीक पडद्यावर हिरवं, आजारी पीक लाल. रोग पसरतो तो डागाडागांनी, वेडावाकडा. हा पट्टा सरळ होता. पलीकडच्या बांधापासून निघालेला, माणसाच्या खांद्यांइतका रुंद, आणि मक्याच्या मधोमध थांबलेला.

मी आत शिरून पाहिलं. पानं हिरवीगार, खोडं टणक, मुळं पांढरीशुभ्र. चार पानं प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आलं, रोग नाही.

पुढच्या सोमवारी पट्टा घराकडे शंभर पावलं सरकला होता.

"काही फवारू का?" आत्यानं विचारलं.

"कशावर फवारणार? काही सापडलंच नाही."

"मग राहू दे बाई. पंप उचलायचं त्राण कुणाला आहे?" ती पायरीवर टेकली. मग म्हणाली, "त्या बाजूला दुपारी पानं सळसळतात गं. वारा पडलेला असतो तेव्हा."

"माझ्याकडे चल राहायला."

"पीक निघालं की येते."

मी हट्ट धरायला हवा होता. पण मीही थकले होते, आणि थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं 'नंतर' लगेच पटतं.

तिसऱ्या सोमवारी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बांधाजवळचा पट्टा आता नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता. मका उभाच्या उभा वाळला होता. एकही खोड मोडलेलं नव्हतं.

अंगणातून ड्रोन वर सोडला. लाल रेघ स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकली होती.

"आत्या!" मी हाक मारली.

ती पुढच्या दारातून बाहेर आली. केस नीट विंचरलेले, चेहरा टवटवीत.

"अगं, आज किती मोकळं वाटतंय," ती म्हणाली. "सगळा शीण गेला बघ."

मला हायसं वाटलं. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

पीक किती वाळलंय ते बघायला मी ड्रोनवरचा दुसरा कॅमेरा चालू केला. तो फक्त ऊब टिपतो. ड्रोन अंगणावर आला.

पडद्यावर तापलेलं छप्पर दिसलं. सावलीतली गार फरशी दिसली. फरशीवर एक पिवळा ठिपका, तो मी.

शेजारी नुसती फरशी.

"मला दाखव ना," आत्या पडद्यावर वाकत म्हणाली. "वरून मी कशी दिसते?"

मी बटण दाबून पडदा बंद केला. "बॅटरी संपली."

ती हसली. हसणं तिचंच होतं.

मग तिनं माझ्या गालावर हात ठेवला. हात थंड नव्हता. गरमही नव्हता.

हवेइतकाच होता.