बिघडलेला नमुना

विशाखा सोनकांबळेनं हातातला टेपरेकॉर्डर क्षणभर खाली ठेवला, तो नेमका घागरींच्या रांगेत. औशाच्या पुढे, डांबर संपतं तिथल्या त्या गावात टँकर येईपर्यंत माणसं लिंबाखाली बसत आणि त्यांच्या वतीनं घागरी उभ्या राहत. ती सरपंचांचं घर विचारून परत आली, तर मशीन जागेवर नव्हतं.

"कुनाचं हाय हे?" टँकरपाशी एक तरुण ओरडत होता. रांग सरकली तसं त्यानं मशीनही इमानदारीनं पुढं सरकवलं होतं. "नंबर आला! काय भरायचं ह्यात?"

"बोलणं," ती म्हणाली.

"मंग भरा की. पानी न्हाई, पर बोलनं लई हाय हितं."

तिचं आडनाव ऐकल्यावर त्यानं "जयभीम" केला आणि पेलाभर पाणी दिलं. साल त्र्याऐंशी होतं. लातूर जिल्हा मंजूर होऊन सहा-सात महिने झाले होते. पाऊस अजून मंजूर व्हायचा होता. अशा दिवसांत भरलेला पेला म्हणजे बऱ्यापैकी धीट वागणं. विशाखानं मात्र तो पाहुणचार समजून पिऊन टाकला.

ती नांदेडहून आली होती, क्रियापदं गोळा करायला. प्रबंधाचा विषय होता 'करून राहिलो' हे रूप. वऱ्हाडातून आलं, की निजामाच्या दखनीतून, की इथंच उगवलं? प्रबंध मार्चअखेर गेला, तर लातूरच्या कॉलेजात नोकरी मिळणार होती. न गेला, तर वडिलांनी परभणीकडचं एक स्थळ पाहून ठेवलंच होतं.

बोली गोळा करायचे नियम कडक असतात. माणूस त्याच गावात जन्मलेला हवा, गाव न सोडलेला हवा आणि तोंडात दात हवेत. बायका सगळ्या लग्न होऊन आलेल्या, म्हणून बाद. कर्ते पुरुष रोजगार हमीच्या खडीवर. म्हातारे दातांपायी बाद.

"मी देवणीहून आले तवा माझं मंगळसूत्र दोरीचं हुतं," रांगेतली नागुबाई म्हणाली. "केस पांढरे झाले, आन् अजून परगावचीच का मी?"

"नियम आहे, मावशी."

"घ्या मंग ह्याला. माजा लिंबाजी. कुटं गेला न्हाई आन् काई केलं न्हाई."

म्हणजे नंबर पुकारणारा तोच. दर रविवारी विशाखा येऊ लागली. उत्तर आपण सुचवायचं नसतं, म्हणून ती मुक्यानं अभिनय करी आणि तो सांगे. तिनं पीठ मळल्यासारखं केलं.

"मॅडम कनिक मळून राहिल्या."

तिनं डोळ्यांना पदर लावला.

"मॅडम रडून राहिल्या... कामून वो? कुनी काय म्हनलं का?"

"अभिनय आहे हा."

"मंग बरं करून राहिल्या. मला खरंच वाटलं की."

मशीन बंद झालं की ती त्याला सांगे: संस्कृतातलं 'करोति' झिजून प्राकृतात 'करइ' झालं, मग जुन्या मराठीत 'करी'. तेव्हा 'तो करी' म्हणजे तो करतो. आज 'तो करी' म्हणजे पूर्वी करायचा, आता नाही.

"म्हंजे चालू हुतं ते आठवनीत गेलं," लिंबाजी म्हणाला. "आमच्या हिरीवानी."

ती हसली. मग दोघंही कोरड्या विहिरीकडं बघत बसले – प्रेमात पडायला त्या गावात दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच.

पुढं मात्र घोळ झाला. तिनं पदर डोळ्यांना लावला, तर तो म्हणाला, "मॅडम रडत आहेत." कणीक मळली, तर "मळत आहेत." नांदेडला तिच्या मार्गदर्शक सरांनी कॅसेट ऐकली आणि चष्मा काढला.

"नमुना बिघडला. परत जा, त्याला मूळपदावर आणा. औशाचा दुसरा माणूस आहे का तुमच्याकडे?"

नव्हता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी टँकर आलाच नव्हता. विशाखानं मशीन सुरू केलं. "लिंबाजी, पहिल्यासारखं बोला ना."

"पहिल्यासारखं म्हणजे कसं?"

"म्हणजे... आईशी बोलता तसं."

नागुबाईनं आतूनच सांगितलं, "आता माज्याशी बी तसंच बोलतंय! रोज पेपर मोठ्यानं वाचतंय, तुमच्यावानी बोलाया यावं म्हनून."

विशाखाचे कान तापले. लिंबाजी उभा राहिला.

"मी सुधारलो ते चुकलं म्हना की! जीव तोडून तुमचे शबूद शिकून राहिलो मी, आन् तुमाला पायजे ते गावंढळच? माजी बोली पायजे, मी न्हाई! मला वाटून राहिलं हुतं, तुमच्यावानी बोललो तर एक दिस तुमाला..."

टेप फिरत होती. 'शिकून राहिलो', 'वाटून राहिलं' – एका दमात, रागाच्या भरात, अस्सल. सरांनी पेढे वाटले असते.

विशाखानं बटण दाबून टेप मागं नेली. पुन्हा रेकॉर्डिंग लावलं आणि गप्प बसली. त्याचं बोलणं होतं तिथं वारा भरत गेला. मग तिनं मशीन बंद केलं.

"हे काय केलं?" तो घाबरला. "नोकरीचं काय?"

"ते सरांचं नव्हतं. माझं होतं," ती म्हणाली. "पुढचं सांगा. एक दिवस मला... काय?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "...इचारावं म्हनून राहिलो हुतो."

"मग विचारा."

त्यानं विचारलं.

प्रबंध त्या वर्षी गेला नाही. नंतर गेला तेव्हा नकाशावर त्या गावाची जागा पांढरी होती. तिथं भाषा आढळली नाही, असाच त्याचा अर्थ. लातूरची जागा दुसऱ्याला मिळाली. वडील बरेच दिवस बोलले नाहीत. लिंबाजी नव्या कलेक्टर कचेरीत चिकटला, आणि आता घरीही "भाजी आणण्यात येईल" असं बोलतो.

म्हणून विशाखा अधूनमधून मुद्दाम भांडण काढते. कुकरच्या शिटीवरून, त्याच्या आईच्या औषधावरून, कशावरूनही. तो चिडतो आणि क्षणभर "कामून डोकं खाऊन राहिली गं?" असं ओरडतो. ती पाठ फिरवून ऐकत उभी राहते.

अलीकडे मात्र त्याला राग येणं कमी झालंय.