शशिधरच्या स्कोपमध्ये

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी २००५, सोमवार, सकाळचे साडेसात. इंग्लंडमध्ये लीड्सपासून तासाभरावर एका शेतकऱ्याचं रान आहे. हरणांच्या माद्या मारायच्या सीझनचा तो शेवटचा दिवस होता.

माझी बायको नंदा जाऊन पाच महिने झाले होते. घरात बसवत नव्हतं. म्हणून मी आणि माझा जुना मित्र शशिधर दर आठवड्याला शिकारीला जायचो. दोघांची मचाणं वेगळी, मध्ये ओढा.

त्या सीझनमध्ये एक गोष्ट विचित्र होती.

हरणं माझ्यासमोरून त्याच्याकडे जायची. मी कान देऊन बसायचो...

गोळीचा आवाज यायचाच नाही.

चार महिन्यांत एकदाही नाही.

"नेम गेला की काय तुझा?" मी चिडवायचो.

"म्हातारा झालो रे," तो म्हणायचा. माझ्याकडे न बघता.

त्या सकाळी सात माद्या तिकडे गेल्या. अर्धा तास झाला. पक्षीसुद्धा गप्प.

मी उतरलो. ओढा ओलांडून त्याच्या मचाणावर चढलो.

शशिधर रायफलच्या स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, डोळा लावून बसला होता. रायफल रिकामी होती.

आणि तो हळू आवाजात बोलत होता...

"थंडी वाजत नाही का तुला?"

"कोणाशी बोलतोयस?"

तो दचकला. "कमलाकर... तुला सांगणारच होतो. पहिल्या दिवसापासून दिसते. त्या बर्चच्या झाडाखाली. फक्त स्कोपमधून."

"कोण?"

"नंदा."

तीस वर्षं तो तिला वहिनी म्हणत आला होता.

मी त्याला बाजूला ढकललं. स्कोपला डोळा लावला. माद्या चरत होत्या. झाडाखाली कोणी नव्हतं.

मग सगळ्या माद्यांनी एकदम माना वर केल्या...

आणि कोणाला तरी वाट द्यावी, तशा बाजूला झाल्या.

मला काहीच दिसलं नाही.

शशिधरने परत डोळा लावला. "आहे की. आपल्याकडेच बघतेय."

"माझ्याबद्दल काही विचारते?"

त्याने स्कोपवर झाकण बसवलं.

"चल, चहा घेऊ," म्हणाला.

सीझन संपला. शशिधर अजून तिकडे जातो. रायफल घरी ठेवतो, फक्त स्कोप नेतो.

मी जात नाही. संध्याकाळी सगळे दिवे लावतो, खोल्यांची दारं उघडी ठेवतो, तिला हाक मारतो.

सव्वीस वर्षं आम्ही या घरात राहिलो. इथे ती एकदाही आलेली नाही.